ओढ्यापलीकडे राहिलेले दादा

अब्बा तिसगावच्या स्टँडवर बसलेत असा फोन आला, तेव्हा मी सावेडीत एका बाईंना गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवत होते. फोन एस.टी.च्या कंडक्टरचा होता.

"ताई, तुमचे वडील आमच्या गाडीत हुते. तिकीट पाथर्डीचं काढलं अन् तिसगावला मधीच उतरले. कुठं जायचंय विचारलं तर वस्तीवर म्हणत्यात. कोणची वस्ती ते काय सांगंनात."

त्या बाईंना त्यांच्या गेटपाशी उतरवून मी तशीच पाथर्डी रस्त्याला लागले.

बायकांना गाडी शिकवणं हा माझा धंदा. एक छोटी कार आहे, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली. अब्बांनी जन्मभर एस.टी. चालवली, त्यामुळे मला गाडीचं वेड कुठून आलं हे कुणी विचारत नाही. अब्बांनी आता ऐंशी ओलांडली. अम्मी गेल्यापासून ते घरात बसत नव्हते. या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीतून जिन्यापर्यंत, जिन्यातून परत. टीव्ही लावला की उठायचे, ताट वाढलं की उठायचे. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पण अब्बांची नजर स्वच्छ होती, बोलणं स्वच्छ होतं. त्यांना फक्त कुठेतरी जायचं होतं, आणि कुठे ते सांगायचं नव्हतं.

करंजी घाट चढून तिसगावला पोचले तर ते स्टँडच्या बाकावर पायाशी पिशवी ठेवून बसले होते. मला बघून जराही दचकले नाहीत.

"आलीस? बरं झालं. आता आलीच आहेस तर वस्तीवर जाऊन येऊ."

"कुठली वस्ती, अब्बा?"

"माझी. जिथं जन्मलो ती."

आमच्या घरात या वस्तीबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं सांगते. अब्बांचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, जातीने पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव हिंडायचे, लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. पिंजण म्हणजे तातीची, आतड्याच्या दोरीची, मोठी कमान, कापसात धरून ठोकली की तुंग तुंग असा आवाज येतो. हिंडता हिंडता ते जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला गेले. तेव्हा तिथे एक ओढा ही हद्द होती. अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे निजामाचा. पलीकडच्याला लोक मोगलाई म्हणत. हद्दीवरची जमीन कुणाला नको असायची, कारण गुरं पलीकडे गेली की परत मिळायची नाहीत आणि चोर पलीकडे पळाला की सापडायचा नाही. दादांनी तिथेच माळाची काटवण तोडली, विहीर खणली, दादीला आणलं. मागून आणखी काही घरं आली. तिला पिंजाऱ्याची वस्ती म्हणू लागले.

मग निजामाविरुद्धची लढाई पेटली. हद्दीच्या अलीकडे क्रांतिकारकांचा कॅम्प पडला आणि दादा बंदूक घेऊन त्यात सामील झाले. तिथेच गोळी लागून मेले. अब्बा तेव्हा चार-पाच वर्षांचे. दादीच्या भावाने सगळ्यांना नगरला आणलं. बस्स. फोटो नाही, पेन्शन नाही, कुठल्या चौकात नाव नाही. लहानपणी मी शाळेत सांगायचे, माझे आजोबा क्रांतिकारक होते. पोरी हसायच्या. एक बाई म्हणाल्या होत्या, निजामाविरुद्ध? तुमच्यातले? मी घरी येऊन दादीला विचारलं, तर ती तांदूळ निवडत राहिली.

तिसगावहून पुढे अब्बा शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले आणि मी वळणावर जरा जोरात गेले की त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबू लागले. दोनदा गाडी बंद पडली. मी चिडले, तर म्हणाले, "ब्रेक दिलाय तो दाबायलाच ना?" जसजसे आम्ही पूर्वेला सरकलो तसतशी त्यांची भाषा बदलत गेली. घरी आम्ही दखनी बोलतो. पण खिडकीतून माळ दिसायला लागला तसे अब्बा तिकडचं मराठी बोलू लागले, जे मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. "ह्यो डोंगर हुता. ही बाभळ न्हवती. हिकडं घे, हिकडं."

विचारत विचारत पोचलो. हंगामाचे दिवस होते, ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं होती. एका ओसरीवर एक म्हातारी दोन नातवंडांना भाकरी भरवत होती. अब्बांनी पिंजाऱ्याची विहीर कुठाय म्हणून विचारलं. तिने हातातली भाकरी खाली ठेवली.

"लई दिसांनी कुणी इचारलं. ती काय, त्या बाभळीत. बुजली आता. तुमी कोण?"

"त्याचा मुलगा."

"बंदूकवाल्याचा?" ती अब्बांकडे बघत राहिली. "मंग हिकडं कशाला आलात? त्यो तर पलीकडं ऱ्हायला की. पलीकडंच म्हातारा झाला."

अब्बा म्हणाले, "कोण म्हातारा झाला?"

"त्योच. पिंजारी. आमच्या सासूच्या गाद्या त्यानंच भरल्या. माझ्या लग्नानंतर सुदिक येत हुता, काठी टेकीत."

"माझा बाप गोळी लागून मेला."

"न्हाई बाबा," म्हातारी अगदी मऊपणाने म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

अब्बा विहिरीकडे गेलेच नाहीत. गाडीत येऊन बसले आणि दार लावून घेतलं. येताना घाटात त्यांनी एकदाही ब्रेक दाबला नाही. भिंगार आल्यावर म्हणाले, "खोटं बोलती ती म्हातारी," आणि घरी येऊन गॅलरीतून जिन्यापर्यंत फेऱ्या सुरू केल्या.

त्यांच्या फेऱ्या आता माझ्यातही आल्या. मी शिकवायला बाहेर पडायचे, समोरची बाई क्लच सोडायची आणि माझ्या डोक्यात यायचं, म्हातारा झाला म्हणजे किती म्हातारा? माझं लग्न झालं तेव्हा तो माणूस होता का? मी शाळेत त्याला शहीद करत होते तेव्हा तो कुणाच्या तरी ओसरीवर कापूस पिंजत होता का? तहसीलमध्ये चौकशी केली, स्वातंत्र्यसैनिकांच्या कागदांत काही नव्हतं. खरं विचारण्यासारखं एकच माणूस उरलं होतं. फुफू, अब्बांची मोठी बहीण. ती राहुरीला मुलाकडे असते, नव्वदीची आहे, आणि ते सगळं झालं तेव्हा ती कळत्या वयाची होती.

मी दुपारी पोचले. फुफू खाटेवर बसून सुपारी कातरत होती. मी सगळं सांगितलं. तिने अडकित्ता मिटला.

"त्याला नेलंस तिथं?"

"तेच गेले. मी मागून गेले. फुफू, दादा कधी मेले?"

"तू बारावीला होतीस बघ, त्या साली."

मी उभी राहिले. बसले. परत उभी राहिले. फुफू म्हणाली, "बस. नाहीतर मी सांगणार नाही."

मग तिने सांगितलं, आणि मधे मधे थांबून ती माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होती.

कॅम्प पडला तेव्हा त्यातली माणसं बाहेरची होती. त्यांना पलीकडच्या वाटा ठाऊक नव्हत्या. दादांना एकूण एक वाट माहीत होती, कारण पलीकडच्या प्रत्येक गावात त्यांनी कापूस पिंजला होता. पण पहिल्यांदा त्यांनी नकार दिला. मग पलीकडून माणसं येऊ लागली. रझाकारांनी घरं जाळलेली, डोक्यावर खाट आणि खाटेवर लेकरू, अशी ओढा ओलांडून यायची आणि पहिली विहीर लागायची ती आमची. फुफूने स्वतः पोहरे ओढले. दादांचे नगरचे नातेवाईक येऊन म्हणाले, तू आपल्या माणसांच्या विरुद्ध जातोस? दादा म्हणाले, "माझ्या दारात जे पाणी मागायला आले ते बघा आधी." आणि ते कॅम्पात गेले. पिंजण खांद्यावर आणि कापसाच्या गाठोड्यात बंदूक, असे ते ओढ्यापलीकडे जायचे. ओढ्यावरचा निजामाचा जकातनाका त्यांच्याच टोळीने जाळला. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा भुवया जळलेल्या होत्या आणि ते हसत होते, असं फुफू म्हणाली.

"मग फौज आली. निजाम हरला. अब्बांनी वस्तीवर गूळ वाटला." ती तिच्या अब्बांबद्दल बोलत होती, म्हणजे दादांबद्दल. "आणि थोड्याच दिवसांनी परत माणसं ओढा ओलांडून आली. या वेळी आपल्यातल्या बायका. पुरुष कुणी नाही. त्याच विहिरीवर आल्या."

"रझाकारांच्या बायका?"

"कसल्या रझाकारांच्या! तेल्या-पिंजाऱ्यांच्या, शेत कसणाऱ्यांच्या. राग निघायचा होता, तो कुणावर तरी निघाला. अब्बा त्यांना पाणी द्यायला पुढे झाले तर एकीनं पोहरा लाथाडला. ओळखत होती ती त्यांना."

त्या बायकांना परत आपल्या घरी जायचं होतं, आणि एकटीने जायची हिंमत नव्हती. दादा त्यांच्याबरोबर गेले. दोन-चार दिवसांत येतो म्हणाले. आले नाहीत. सुगी गेली तरी आले नाहीत. तेव्हा दादीचा भाऊ येऊन सगळ्यांना नगरला घेऊन गेला.

"आणि मग?"

"मग एकदा आले. भर दुपारी. मी चुलीशी होते, तुझा बाप शेजारी खेळायला गेला होता. आईला म्हणाले, चल तिकडं. आई म्हणाली, हद्दीवर मी खूप राहिले, आता तुम्ही इथं राहा. अब्बा म्हणाले, तिथं एकही जाणता पुरुष उरला नाही. मी उभा आहे म्हणून त्यांची घरं उभी आहेत. आई म्हणाली, आणि ही पोरं कुणामुळं उभी राहायची? अब्बा म्हणाले, तिकडं जे झालं त्यात मी होतो, इकडं तुझा भाऊ आहे. आई म्हणाली, जा मग. ते गेले."

"एवढंच?"

"एवढंच. भांडणसुद्धा नाही झालं. तुझा बाप खेळून आला तर आईनं त्याला सांगितलं, तुझे अब्बा लढाईत गेले. मला कसम घातली."

मला एकदम दादीचा गळा आठवला. काळ्या मण्यांची पोत. आमच्यात नवरा गेला की ती काढतात. दादीच्या गळ्यात ती शेवटपर्यंत होती आणि आमच्यापैकी एकालाही कधी प्रश्न पडला नव्हता. फुफूला मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुझा बाप एस.टी.त बीडच्या रूटला लागला ना, तेव्हा आई कितीतरी दिवस धड जेवली नव्हती. अब्बा राहायचे ते गाव त्याच रस्त्यावर आहे."

तिने मला गावाचं नाव सांगितलं.

अब्बांना काही न सांगता मी पुढच्याच आठवड्यात गेले. आता ते बीड जिल्ह्यातलं गाव. फाट्यावरून आत वळलं की ज्वारीची रानं, एक छोटी मशीद आणि तिला लागून पत्र्याची एक खोली. मशिदीपाशी एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्या वेळी ओढा ओलांडून आलेल्या आणि परत गेलेल्या लेकरांतले ते एक. मी कोण ते सांगितलं तसं त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बोलू लागले.

"ह्या खोलीत राहायचे. आधी तर जळक्या नाक्यात झोपायचे, कारण आमच्या आया त्यांना गावात येऊ द्यायच्या न्हाईत. ज्यांच्यासंगं आले, त्याच म्हणायच्या, ओढ्यापतुर आलास तेवढं पुरं. त्या हिवाळ्यात त्यांनी घराघराच्या रजया पिंजून दिल्या. घ्या म्हणून कुणाला म्हणले न्हाईत. उंबऱ्यावर ठेवायचे अन् जायचे. थंडी लई व्हती. मंग एका घरानं घेतली, मंग दुसऱ्यानं."

त्यांनी पुढे सांगितलं, पळून गेलेल्या आमच्या लोकांची शेतं मधल्या काळात दुसऱ्यांनी पेरली होती. ज्यांनी पेरली त्यांत कॅम्पातलेही काही होते. दादा त्यांच्या दारात जाऊन बसायचे. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. म्हणायचे, तुमच्यासंगं नाका जाळला त्यो मी, आता ह्या बाईचं रान सोडा. काहींनी लाजेनं सोडलं. काहींनी नाही सोडलं. पुढे पेन्शनचं निघालं तेव्हा दोन जुन्या सोबत्यांची साक्ष लागत होती, आणि त्यातल्या एकाने विधवेचं रान दाबलेलं होतं. दादा म्हणाले, ह्याच्या सहीनं मला काही नको.

"निकाह नाही केला?" मी विचारलं. विचारताना माझाच आवाज मला परका वाटला.

"लोक म्हणायचे करा. ते म्हणायचे, माझी बायको नगरला हाय की."

मग ते गृहस्थ थोडे हसले. "तुमचे वडील डायवर व्हते न्हवं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"आम्हाला समद्यांना माहीत. नगरला ह्यांचा मेहुणा भेटला, त्यानं सांगितलं व्हतं ह्यांना. तवापासून तात आणायला नगरला जायचे तर फाट्यावर बसून राहायचे. गाडी यायची, जायची, चढायचे न्हाईत. एक ठरावीक डायवर आला की मगच चढायचे. माघल्या सीटवर बसायचे. मी एकदा म्हणलो, चाचा, बोलत का न्हाई पोराशी? तर म्हणले, त्याला मी मेलेला ठाऊक हाय. गाडी चालवताना मेलेला माणूस दिसला तर घाटात काय करील त्यो?"

मला तिथे थांबवेना. त्यांनी कबर दाखवतो म्हटलं, मी नको म्हटलं, अब्बांबरोबर येईन म्हटलं. निघताना त्यांनी मला एक सांगून ठेवलं. गावात एक म्हातारी आहे, ज्या बाईनं पोहरा लाथाडला तिची मुलगी. "तिच्याकडं नेऊ नका वडलांना. ती आजून चाचांचं नाव काढू देत न्हाई."

परतीच्या रस्त्यावर मी तीन ठिकाणी गाडी थांबवली. चहा घेतला नाही, काही नाही. उतरायचे, गाडीभोवती फिरायचे, परत बसायचे. अब्बांना सांगायचं की नाही? ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याचा बाप परत द्यायचा आणि त्याच दमात सांगायचं की तो तुमच्या मागच्या सीटवर होता?

सांगितलं. सकाळचा चहा घेताना, सगळं, फुफूचंही. अब्बांनी बशी खाली ठेवली.

"कुठं चढायचा?"

"फाट्यावर."

"फाट्यावर लई लोकं चढायची." त्यांनी बशी परत उचलली. "पिंजण घेऊन?"

"नाही, नुसतेच."

"मग कसा आठवणार? पिंजण असती तर कंडक्टर भांडला असता, आठवला असता. आरशात मागच्या सीटवरच्यांची नुसती कपाळं दिसतात. आणि घाटात आरशात बघत नाही मी." ते उठले, फेरी मारून आले. "बोलला का नाही? मी काय गाडी दरीत घातली असती? चाळीस माणसं असतात गाडीत, मला समजत नाही?"

मग त्यांनी राहुरीला फोन लावला आणि फुफूवर असे ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. फुफूने फोन कट केला नाही, नुसता खाटेवर ठेवून दिला, असं तिच्या सुनेनं मला नंतर सांगितलं. अब्बा ओरडून दमले, तरी तिकडून सुपारी कातरल्याचा आवाज येत होता.

पंधरा-वीस दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. एका सकाळी धुतलेला पायजमा घालून, टोपी घालून तयार झाले. "चल."

मशिदीमागे कडुनिंबाखाली नुसते दगड लावलेली कबर होती. अब्बांनी फातेहा पढली. रडतील असं मला वाटलं होतं, पण ते एखाद्या नव्या गाडीची तपासणी करावी तसे कबरीभोवती फिरले, एक सुटलेला दगड पायाने सारून नीट बसवला. मग त्या गृहस्थांना प्रश्नांमागून प्रश्न. काय खायचे? विडी प्यायचे का? शेवटी आजार काय झाला? रागीट होते का? गृहस्थ उत्तरं देत होते आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निसटलं की एक सोडून गावातल्या सगळ्या घरांनी चाचांना जेवायला घातलं.

"एक कोणतं?"

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. अब्बा म्हणाले, "तिच्याकडं बघू नका. कोणतं घर?"

आम्ही दोघांनी त्यांना अडवलं. ऐकले नाहीत. गल्लीच्या टोकाला दगडी जोत्याचं घर होतं, दारात एक बारकी, ताठ म्हातारी उन्हात बसून शेंगा सोलत होती. अब्बा अंगणात थांबले, चप्पल काढली, सलाम केला आणि सांगितलं मी अमक्याचा मुलगा. मी मागे उभी होते. वाटलं, आता ती हाकलणार.

तिने हाकललं नाही. शेंगा सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "तुला ठाऊक हाय का तुझा बाप हितं का ऱ्हायला?"

"सांगा."

"फौजेमागनं आमच्या पुरुषांना माराया माणसं आली, तवा त्यो त्यांच्यात व्हता. बंदूक व्हती, पर उचलली न्हाई त्यानं. मी माळवदावरून बघत व्हते. माझ्या बापानं त्याला वळखलं. दर साली आमच्याच ओसरीवर उतरायचा त्यो, माझ्या बापाच्या ताटात जेवायचा. बापानं हाक मारली. नाव घिऊन हाक मारली, दोन डाव. त्यो वळला न्हाई."

अब्बा उभे होते. गल्लीतून एक मोटारसायकल गेली.

"मग?" अब्बा म्हणाले.

"मंग काय? मंग सारा जलम हितं काढला. माझ्या आईनं माफ केलं त्याला. मरताना त्याच्या हातचं पाणी घेतलं तिनं. म्या न्हाई केलं. म्या हाक ऐकली व्हती."

मला अब्बांचा दंड धरून त्यांना तिथून न्यायचं होतं. इतके दिवस मी ज्या माणसाच्या मागे धावत होते त्याला मी कधी हिरो करत होते, कधी घर सोडून गेलेला, कधी साधू. आता तो जणू त्या अंगणात माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

अब्बांनी टोपी काढली, हातात धरली. म्हणाले, "मी बसू का हितं?"

म्हातारीने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग सूप थोडं बाजूला ओढलं.

"बस."

अब्बा जोत्यावर बसले. मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले. लांबून दिसत होतं, अब्बांनी सुपातल्या शेंगा घेऊन सोलायला सुरुवात केली. ऊन भिंतीवर चढेपर्यंत ते तिथे होते. परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, "काही नाही. पाऊसपाणी. तिचा नातू ट्रकवर आहे, त्याला डोळे तपासून घे म्हणून सांगितलं."

त्यानंतर अब्बा दीड-दोन महिन्यांनी एकदा तिकडे जातात, एस.टी.ने, एकटेच. मी सोडते म्हटलं तर नको म्हणतात. कबरीवर जातात, मग त्या अंगणात जातात. तिने माफ केलं का, हे मी एकदा विचारलं तर अब्बा चिडले. "मी माफी मागायला जातो असं कुणी सांगितलं तुला?" मग कशाला जाता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. घरातल्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्यात, थांबलेल्या नाहीत.

फुफूला हे हाकेचं ठाऊक नाही. तिच्या मनात तिचे अब्बा जळक्या भुवयांनी हसत दारात उभे आहेत. अब्बा म्हणतात, तिला सांगायला हवं, तिनेही आपल्याला सांगायला हवं होतं. मी म्हणते, नव्वदीत कशाला? पण मग वाटतं, हेच तर दादीने केलं. मागच्या महिन्यात मी सांगायचं ठरवून राहुरीला गेले. फुफूने माझ्यासाठी खिचडी टाकायला लावली, माझ्या धंद्याची चौकशी केली, नव्या शिकणाऱ्या बायकांच्या गमती ऐकून खूप हसली. निघताना तिने विचारलं, "कबर बघितलीस ना? सावली आहे का तिथं?"

"आहे," मी म्हटलं. "कडुनिंब आहे मोठा."

"बरं," ती म्हणाली. आणि मी गाडी काढली.